सहावी पट्टी

पेटीतून एकंदर तेवीस वस्तू निघाल्या. भाचीनं आत्याच्या पलंगावर जुनी चादर पसरली, वस्तू ओळीनं मांडल्या आणि दोनदा मोजल्या. कानशी नऊ: चार चपट्या, तीन त्रिकोणी, दोन गोल. पकडी दोन. छोटी हातोडी एक. करवतीची चौकट एक आणि तेलकट कागदात गुंडाळलेली तिची पाती पाच. चिमटे दोन. आखणीचा कंपास एक. चामड्याचा एप्रन एक, घडी होती तिथे तडकलेला. आणि तळाशी हाताच्या पंजाएवढा पितळेचा जाड पत्रा.

बस्स, एवढंच. या पेटीवर घरात इतकी वर्षं तर्क चालले होते. आत्यानं लग्न केलं नाही, तेव्हा आत कुणाची तरी आठवण असणार, असं भाचीच्या आईचं म्हणणं. सोनं असणार, हे शेजारणीचं. भाचीचा स्वतःचा अंदाज वयाबरोबर बदलत गेला होता. सातव्या वर्षी तिच्या मते आत सांगाडा होता. पदवी घेईपर्यंत तो बिचारा जुन्या कपड्यांवर आला होता. हत्यारं असतील, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कुलपं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या पेटीत हत्यारं नसणार तर काय असणार? पण आत्याची हत्यारं दुकानात होती, रोज हाताळून काळी पडलेली. ही कोरी होती. कानशींच्या दातांत लोखंडाचा कणसुद्धा नव्हता.

कुलपाचे तुकडे तिनं वेगळे ठेवले. एक जाड खिट्टी, एक तुटलेली स्प्रिंग, भोक पडलेली समोरची पाटी आणि पितळेच्या सहा पातळ पट्ट्या. पट्ट्या होत्या त्याच क्रमानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं वर एक ते सहा असे आकडे टाकले. ही तिची कामावरची सवय. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. दुसऱ्यांच्या मोजपट्ट्या खरं बोलतात की खोटं, हे सांगायचं काम. म्हणून आत्या तिला ‘मोजपट्टी’ म्हणायची. ‘आमची मोजपट्टी आली, आता चहात साखरेचे दाणे मोजेल.’

आत्या दुकानाच्या पायरीवरून घसरली होती. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आणि आता हात बरा होईपर्यंत तिनं भावाकडेच राहायचं असं ठरलं. खोलीतून काय काय आणायचं ते तिनं दवाखान्यातून भाचीला सांगितलं. कपडे, रेडिओ, घरातल्या चपला, खिडकीतली कुंडी. ‘आणि पेटी. आहे तशी आणायची. तिला हात लावायचा नाही.’

भाची बरं म्हणाली होती.

ते बरं आता तिला टोचत होतं. अजून तितकंसं नाही, पण टोचत होतं. पेटी जड आहे, जिना अरुंद आहे, रिकामी केली तर बाबांना उचलायला सोपी जाईल, असं ती सकाळपासून स्वतःला समजावत होती. किल्ली हरवलेली आहे हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. एका हातानं आत्या काय उघडणार? आपणच उघडून दिली तर खूश होईल. कारणं एकापेक्षा एक भक्कम होती. फक्त एक गोष्ट त्यांत बसत नव्हती. ड्रिल ती घरूनच घेऊन आली होती.

आणखी एक गोष्ट होती. पेटीचा हिरवा रंग सगळीकडे मळलेला, पण किल्लीच्या भोकाभोवतीचं लोखंड नाण्यासारखं चकाकत होतं. ज्या कुलपाची किल्ली नाही त्याचं भोक घासून चकाकतं कसं? हे तिनं ड्रिलचं टोक टेकवताना पाहिलं होतं, नीट पाहिलं होतं. मग बटण दाबलं होतं. पहिलं पातं कुलपानं मोडून टाकलं. दुसरं आरपार गेलं.

बाकीचं सामान बांधताना तिनं टेबलाचा खण ओढला. आत बिस्किटांचा एक मोठा डबा होता. हलवला तर खळखळला. आत किल्ल्या होत्या, सगळ्या एकाच घडणीच्या, एकाच लांबीच्या. कुठलीच पुरी नव्हती. काहींच्या पात्यावर एकच पायरी कापलेली, काहींच्या दोन, थोड्यांच्या तीन, मोजक्यांच्या चार. पाच पायऱ्यांची एकच. प्रत्येकीवर कुठेतरी एक पायरी जरा जास्तच खोल गेलेली, आणि तिथेच काम सोडलेलं. सगळ्यांवर काजळीचे डाग.

ती पलंगाच्या कडेवर टेकली. तिनं एक किल्ली उचलून पेटीच्या फुटलेल्या पाटीला लावली. भोकात ती अलगद गेली.

किल्ली हरवलेली नव्हती. आत्या किल्ली बनवत होती.

काजळी कशासाठी, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. कोऱ्या किल्लीवर काजळी धरायची, कुलपात घालून फिरवायचा प्रयत्न करायचा, जिथे आतली पट्टी दाबते तिथली काजळी पुसली जाते. तिथे कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. एकदा जरी जास्त घासलं गेलं की ती किल्ली बाद आणि नवीन सुरुवात. डब्यातल्या जुन्या किल्ल्या गंजलेल्या होत्या, नव्या चमकत होत्या. मधे केवढा काळ गेला होता ते गंजाच्या थरांवरून दिसत होतं.

भाचीनं तिथल्या तिथे डब्याचं झाकण लावलं, जणू आत काही उघडं नागडं पडलं होतं.

दुपारी बाबा टेंपो घेऊन आले. जिना चढून धापा टाकत आत शिरले, आणि पलंगावरची मांडामांड बघून दारातच थांबले.

‘तू उघडलीस?’

ती नुसतीच मान हलवून हो म्हणाली. त्यांनी एक कानस उचलली, मुठीत धरून बघितली आणि परत जागेवर ठेवली. मूठ त्यांच्या हाताला फारच बारीक होती. सगळ्याच मुठी बारीक होत्या. कुणीतरी एकेक मूठ लहान हाताच्या मापानं तासून घेतली होती.

मग खिडकीशी उभं राहून, तिच्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. कुलपं घडवणाऱ्या आजोबांच्या हाताखाली जो कुणी काम शिकायचा, त्याला शेवटी ते एक पेटी द्यायचे. आत त्याची स्वतःची हत्यारं. पेटीला कुलूप, आणि किल्ली नाही. न फोडता उघड, आत आहे ते तुझं. उघडली नाहीस तर अजून कच्चा आहेस, शिकत राहा.

‘मलाही दिली होती,’ बाबा म्हणाले. ‘मी कुलपाकडे बघितलंच नाही. मागच्या बाजूला गेलो आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. ते पोट धरून हसले. म्हणाले, तू ऑफिसात नाव काढशील.’

बाबांनी ऑफिसातच जन्म काढला होता. धाकट्या बहिणीच्या पेटीला मात्र आजोबांनी बिजागऱ्या आतून लावल्या. कुलूपही साधं केलं नाही. सहा पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला एक खरी खाच आणि एक फसवी. किल्ली तिच्यासमोरच भट्टीत टाकून वितळवली. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत.

‘मला हे कधी सांगितलं का नाही?’

‘मी एकदा चेष्टा केली होती. म्हटलं, अगं, अजून पेटीच उघडतेयस का, तेवढ्यात तर लोकांची नातवंडं झाली. वर्षभर बोलली नाही माझ्याशी. तेव्हापासून आमच्यात पेटीचं नाव काढायचं नाही असंच होतं.’ बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘अर्ध्या शहराची दारं उघडून दिली तिनं. लोक दाराबाहेर अडकले की हिलाच बोलावतात. आणि हत्यारं सगळी जुन्या बाजारातून घेतलेली.’

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी वस्तू होत्या तशा आत ठेवायला तिला मदत केली, झाकण लावलं, आणि टेंपोत पेटी चढवताना एवढंच म्हणाले, की हात बरा होईपर्यंत काही बोलू नकोस, मग मी सांगेन. हा सल्ला तिला इतका आवडला की त्याच कारणानं तो तिला खुपायला लागला.

घरी पेटी आत्यासाठी मोकळ्या केलेल्या खोलीत ठेवली. कशी ठेवायची हा प्रश्न होता. भाचीनं ती वळवून फुटलेली बाजू भिंतीकडे केली. मग ती बराच वेळ त्या पेटीच्या कोऱ्या पाठीकडे बघत उभी राहिली. पुट्टी भरून वर हिरवा रंग मारता येईल, असं तिच्या मनात आलं. दुसरं कुलूप बसवता येईल. आत्याची बोटं आठवली आणि तिनं तो विचार सोडून दिला. विचार चुकीचा होता म्हणून नाही. पकडले जाऊ म्हणून. हेही तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःची आणखी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला, पण तोंड नेहमीसारखंच चालू. दवाखान्यातल्या कपाटाचं कुलूप म्हणजे निव्वळ शोभा, नर्सबाईंना तिनं डाव्या हातानं केसांची पिन घालून उघडून दाखवलं, तर त्या रागावल्या. उशी कशी दगडासारखी. डॉक्टर कसा पोरगेला. भाची चहाचा कप घेऊन आली तेव्हा आत्या खुर्चीत बसून पेटीकडे बघत होती.

‘ही तोंड फिरवून का बसलीय? रुसलीय का माझ्यावर?’

भाचीनं कप टेबलावर ठेवला. तिनं कपाचा कान आत्याच्या डाव्या हाताकडे वळवला.

‘बरं, ते जाऊ दे. दार लोटून घे आणि इकडे ये.’ आत्यानं डाव्या हातानं पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. चष्मा नाकावरच होता. घरातून निघाली ती एक किल्ली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. सहा पायऱ्यांची.

‘पाचव्या पायरीपर्यंत मागेही एकदा आले होते, तेव्हा हात घसरला. ही दुसरी. पाच जागी माझी खात्री आहे, खरी खाच सापडली की हाताला कळतं. सहावी घासून झाली त्या संध्याकाळी इतके हात थरथरायला लागले की म्हटलं आज नको. उद्या सकाळी ताज्या हातानं फिरवू. आणि सकाळी दुकानाची पायरी नडली.’ ती हसली. ‘आता हा हात वर्षभर तरी किल्ली फिरवायच्या कामाचा नाही, असं तो पोरगा डॉक्टर म्हणतो. डाव्या हाताला काही कळत नाही. म्हणून तू फिरव. तुझा हात हलका आहे. जोर लावायचा नाही, नुसतं विचारायचं कुलपाला. वळव ती पेटी इकडे.’

बाबांनी सांगितलं होतं, काही बोलू नकोस. भाचीला वाटलं, पेटी जड आहे म्हणावं. बाबांना येऊ दे म्हणावं. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

‘आत्या, मी फोडली ती.’

आत्याच्या हातातली किल्ली तशीच पुढे राहिली.

‘काल. ड्रिलनं. तू हात लावू नको म्हणाली होतीस, तरी. बाबांनी सांगेपर्यंत मला काही माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’

चहावर साय धरली. आत्यानं किल्ली फडक्यावर ठेवली, आणि फडक्याची घडी न घालता तशीच मांडीवर राहू दिली.

‘किती वेळ लागला?’

‘थोडाच.’

‘पातं मोडलं?’

‘एक.’

‘मोडणारच,’ आत्या म्हणाली. तिच्या आवाजात एवढंसं समाधान होतं, पण ते लगेच संपलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि हनुवटी हलत होती. भाचीनं तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आताही ती रडली नाही, पण रडली असती तर बघणं सोपं गेलं असतं. भाची पायाशी जमिनीवर बसली. माफ कर, असं दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिला कळलं, की माफी मागून आपण आत्यालाच कामाला लावतोय, आपलं समाधान करायच्या. तिसऱ्यांदा तिनं ते म्हटलं नाही.

‘आत काय होतं, ते सांगू नकोस,’ आत्या शेवटी म्हणाली. ‘तू बघितलंयस, मला कळतंय. पण एक शब्द बोलू नकोस. पट्ट्या कुठायत?’

‘आहेत. सहाही आहेत. क्रमानं ठेवल्यात.’

‘खाचा शाबूत?’

‘दुसरीला ओरखडा गेलाय. खाच शाबूत आहे.’

आत्यानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. ‘मग मोज.’

आत्या सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली. किल्ली फिरवून बघता येणार नाही, ते तू घालवलंस. पण ती फिरली असती की नसती, हे तर पट्ट्या सांगतील. फिरली असती, तर पेटी माझ्या हातानं उघडली असं मी धरेन, आणि आत आहे ते माझं. नसती फिरली, तर झाकण लाव आणि पेटी तुझ्या बापाच्या माळ्यावर टाक. मी बघणार नाही आत. माझ्या बापानं अट घातली होती, ती मी ड्रिलवर मोडून घेणार नाही.

‘किती फरक चालतो?’ भाचीनं विचारलं.

‘एक कागद इकडे, एक कागद तिकडे. तेवढं त्याचं कुलूप चालवून घ्यायचं. त्यापुढे नाही.’

‘म्हणजे शून्य पूर्णांक एक मिलिमीटर.’

‘ते तुझं तू बघ. आणि हे बघ, मोजपट्टे.’ आत्यानं डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. प्रेमानं नव्हे, आधाराला धरावा तसा. ‘मला बरं वाटावं म्हणून आकडा सांगायचा नाही. मला कळेल.’

भाचीला ठाऊक होतं की तिला कळणार नाही. शतांश मिलिमीटर आत्याला कसा कळणार, पडद्यावरचा आकडा तिला चष्म्यातूनही दिसला नसता. खोटा आकडा सांगणं जगात सगळ्यात सोपं होतं. ती पिशवी आणि आपलं डिजिटल कॅलिपर आणायला गेली, तेव्हा वाटेत तिनं तो आकडा मनात तयारही केला. आयुष्यभराची मेहनत सार्थकी लावणारा, तिचं स्वतःचंही ओझं उतरवणारा, एक छानसा आकडा. टेबलाशी बसून तिनं कॅलिपरचे जबडे पुसले, मिटवले, शून्य येतंय ना ते पाहिलं. शून्य आलं. मग तो तयार आकडा तिला मनातून काढून टाकता आला. नीट निघाला नाही, पण बाजूला झाला.

हिशोब सोपा होता. किल्लीची पायरी पट्टीला वर उचलते. पायरीची उंची, आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून खऱ्या, म्हणजे खोल खाचेपर्यंतचं अंतर, या दोन्हींची बेरीज सगळ्या जागी सारखी आली की खाचा एका रेषेत येतात आणि खिट्टी सरकते. एखादी बेरीज कागदापेक्षा जास्त हुकली की खिट्टी अडते.

पहिली पट्टी. तिनं तीनदा मोजली, सरासरी काढली, किल्लीची पहिली पायरी तीनदा मोजली, बेरीज मोठ्यानं सांगितली. चौदा पूर्णांक बत्तीस. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. दुसरी, ओरखडा गेलेली: चौदा पूर्णांक तीस. तिसरी: चौदा पूर्णांक चौतीस. चौथी: चौदा पूर्णांक तेहेतीस. पाचवी: चौदा पूर्णांक एकतीस.

‘पाचांची माझी खात्री होतीच,’ आत्या डोळे न उघडता म्हणाली. ‘पुढे चल.’

पाचांची सरासरी चौदा पूर्णांक बत्तीस, म्हणजे सहावीची बेरीज चौदा पूर्णांक बावीस आणि चौदा पूर्णांक बेचाळीस यांच्या आत यायला हवी होती. बाहेर बाबा आले होते, दाराशी त्यांची पावलं थांबलेली ऐकू आली, पण ते आत आले नाहीत. भाचीनं सहावी पट्टी फडक्यानं पुसली. कडा तपासली. कॅलिपर पुन्हा मिटवून शून्य पाहिलं. तिनं कोपर टेबलाला टेकवलं आणि पट्टीचं माप तीनऐवजी पाचदा घेतलं. आठ पूर्णांक सत्तेचाळीस. मग किल्ली जबड्यात धरली, शेवटच्या पायरीवर. हेही पाचदा. पाच पूर्णांक शहाऐंशी.

तिनं बेरीज केली, पुन्हा करून पाहिली, आणि वाचून दाखवली.

‘चौदा पूर्णांक तेहेतीस.’